शिबंदीचा खर्च आणि टोपीकरांचे राज्य

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी जमाखर्चाच्या वह्यांकडे पाठ फिरविली आहे, ही तक्रार हूटगळ्ळीत बसून करावी याला थोडे कारण आहे. येथून काही कोसांवरच्या श्रीरंगपट्टणात हैदरअलीच्या काळी दौलतीचे हिशेब कानडीबरोबर मराठीतही लिहिले जात. ते लिहिणारा कारकून आपल्या वाङ्मयेतिहासात कोठेही नाही. बखरकार आहे, शाहीर आहे, राजनीतीवर लिहिणारा अमात्य आहे. जमाखर्च हा अर्थशास्त्राचा प्रांत, असे म्हणून आपण मोकळे होतो. माझ्या मते यात आपलेच नुकसान आहे, कारण काही ग्रंथ शेजारी हिशेबाची वही ठेवल्याशिवाय पुरते उलगडत नाहीत. ‘आज्ञापत्र’ हा असाच एक ग्रंथ.

सतराव्या शतकातील मुंबईचे उदाहरण घेऊ. 1668 मध्ये इंग्रजांच्या राजाने हे बेट वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. खंड नाममात्र, परंतु बेट चालविण्याचा खर्च नाममात्र नव्हता. जेराल्ड ऑंजियर याने जमीनधारकांशी तडजोड करून, त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे निर्वेध ठेवण्याच्या बदल्यात सालिना 20,000 झेराफिन घेण्याचे ठरविले. 1674 मध्ये ही तडजोड कायम झाली. त्याच वर्षी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. जमीनमहसूल असा एका आकड्यात बांधला गेला. जकात वाढावी तर व्यापार हवा, व्यापाराला स्वस्थता हवी. आणि स्वस्थता तेवढी नव्हती. ठाण्याच्या खाडीवर पोर्तुगीज जकात घेत, सिद्दीचे आरमार पावसाळ्यात माझगावास येऊन राही. सिद्दीला आसरा द्यावा तर महाराजांचा रोष, नाकारावा तर सुरतेच्या वखारीवर मोगलांची वक्रदृष्टी. बेटाला सरपण आणि धान्य मात्र समोरच्या मुलखातूनच हवे!

1679 मध्ये मायनाक भंडारी खांदेरीवर उतरला आणि तट उभा राहू लागला. मुंबईच्या तोंडावरचे हे बेट मराठ्यांकडे जाऊ नये म्हणून कंपनीने गलबते धाडली. त्या आरमारावर रिचर्ड केग्विन हा अधिकारी होता. खांदेरी शेवटी मराठ्यांकडेच राहिली. पण माझ्या विषयाला लढाईपेक्षा तिच्यानंतरचा हिशेब महत्त्वाचा. लंडनच्या संचालकांना मुंबई म्हणजे एक वखार वाटे. वखारीच्या वहीत शिपायाचा पगार हा नुसता खर्च दिसतो, त्याच्यासमोर जमेची बाब दिसत नाही. मग काटकसरीचे हुकूम सुटले आणि पगार व भत्त्यांना कात्री लागली. चहूबाजूंनी मुलूख पेटलेला असताना शिबंदी कमी करणे ही व्यापाऱ्याची अक्कल होती, राज्यकर्त्याची नव्हे.

27 डिसेंबर 1683 रोजी केग्विनने उपगव्हर्नर वॉर्ड यास कैद केले आणि कंपनीचा अंमल झुगारून राजाच्या नावाने कारभार सुरू केला. हे बंड साधारणतः पगाराचे भांडण म्हणून सांगितले जाते. पगार हे निमित्त होतेच. पण बंडवाल्यांचा दावा निराळा होता : बेट राजाचे आहे, आणि व्यापाऱ्यांना ते राखता येत नाही. केग्विनने सिद्दीच्या आरमारास मज्जाव केला आणि 1684 मध्ये संभाजी महाराजांशी करार केला. कंपनीला दोन्ही बाजू सांभाळताना जे जमत नव्हते ते या बंडखोराने वर्षाच्या आत केले, ही गोष्ट इंग्रज लेखकांनी जरा सांभाळूनच मांडली आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माफीचे वचन घेऊन त्याने किल्ला ग्रँथमच्या ताब्यात दिला.

आता ‘आज्ञापत्र’ उघडावे. 1715 च्या सुमाराच्या या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्य टोपीकरांविषयी बजावतात की, हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या मागे राजे आहेत. म्हणून वखारीला जागा द्यावी लागली तरी ती समुद्रकाठापासून दूर द्यावी. आपल्या समीक्षेत या मजकुराची वाखाणणी द्रष्टेपणा म्हणून होते. मला तो द्रष्टेपणा वाटत नाही, निरीक्षण वाटते. मुंबईच्या शिपायांनी एक पिढी आधी हेच तटावरून पुकारले होते. ते ज्यांना ऐकू आले नाही ते लंडनचे धनी. अमात्यांना जे राज्य दिसले ते संचालकांच्या वहीत अजून खर्चाच्या सदरात पडून होते. ग्रंथातील त्या वाक्यांची धार कळते ती येथे, आणि हे सांगायला नुसती शैलीमीमांसा पुरत नाही.

पुढे कंपनीने मोगलांशीच युद्ध मांडले. 1689 च्या फेब्रुवारीत सिद्दी याकूतखान मुंबईत उतरला आणि 1690 च्या जूनपर्यंत बहुतेक बेट त्याच्या हाती राहिले. इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. बादशहाची माफी मिळविण्यासाठी कंपनीला दीड लाख रुपये दंड भरावा लागला. तो कोणत्या सदरी टाकला असेल, हे एखाद्या साहित्याच्या विद्यार्थ्याने वहीत शोधावे. केग्विन तोवर मुंबईपासून फार दूर गेला होता. त्याच 1690 साली तो वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटावर फ्रेंचांशी लढताना पडला, राजाच्याच चाकरीत.