माजघर : दुधावांचून खाऊ

गेल्या अक्षय्यतृतीयेची गोष्ट. आमच्या घरीं त्या दिवशीं आम्रखंडाचा बेत होता. पंक्ति उठल्यावर आमच्या थोरल्या वहिनींनीं (घरांतील सारीं मुलें त्यांना ‘मोठी आजी’ म्हणतात) आमच्या चौदा महिन्यांच्या नातवाला मांडीवर घेतलें आणि आम्रखंडाचें एक बोट त्याच्या जिभेला लावलें. अर्ध्या तासाच्या आंत बाळाच्या तोंडाभोवतीं लाल चट्टे उठले, ओकाऱ्या सुरू झाल्या आणि सारें घर दवाखान्याकडे धांवलें. संध्याकाळपर्यंत बाळ पुन्हा खेळूं लागलें. वहिनींच्या चेहऱ्यावर मात्र हंसूं परतलें नाहीं. “माझ्याच हातून त्याच्या पोटांत विष गेलें,” एवढेंच त्या म्हणाल्या, आणि पुढें दोन दिवस त्यांनीं बाळाला जवळ घेतलें नाहीं.

दूध बाळाला सोसत नाहीं, हें सूनबाईंनीं सर्वांस सांगितलें होतें. सर्वांनीं तें ऐकिलेंही होतें. पण ‘सोसत नाहीं’ म्हणजे नेमकें काय, हें आम्हांपैकीं कोणासच उमजलें नव्हतें. दूध, दहीं, लोणी, तूप यांवांचून लाड कसे करावेत, हें आपल्या घरांना ठाऊकच नाहीं. पंचामृतापासून पेढ्यापर्यंत आपली सारी माया दुधांतूनच वाहते. तेव्हां या महिन्याचें ‘माजघर’ आम्ही या विषयासच देत आहों. एकत्र कुटुंबांत बाळाला भरविणारे हात अनेक असतात. म्हणून ही माहिती एकट्या आईला असून भागत नाहीं.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. दूध न सोसण्याचे प्रकार दोन आहेत. एकांत दुधांतील साखर पचविणारा पाचकरस कमी पडतो; मग पोट फुगतें, जुलाब होतात. लहान मुलांत हें पुष्कळदां मोठ्या हगवणीनंतर तात्पुरतें होतें, व अशा मुलाला थोडें दहीं चालूंही शकतें. दुसऱ्या प्रकारांत शरीर दुधांतील प्रथिनांनाच शत्रु समजतें. यालाच दुधाची ॲलर्जी म्हणतात, आणि आमच्या नातवाची तक्रार ती हीच. येथें प्रमाणाचा प्रश्न नसतो. एक बोटही पुरेसें होतें. दहीं, ताक, चक्का, खवा सर्व वर्ज्य. तुपांतही दुधाच्या प्रथिनांचा अंश राहूं शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्यावांचून तेंही देऊं नये. “गाईचें नको तर शेळीचें द्या,” असा सल्ला वडीलधारीं मंडळी प्रेमानें देतात. परंतु शेळीच्या व म्हशीच्या दुधांतील प्रथिनें गाईच्या दुधासारखींच असल्यानें तो उपाय धोक्याचा आहे. बाळाचे ओठ सुजले, श्वास घरघरूं लागला किंवा बाळ मलूल होऊन पडलें, तर घरगुती उपचारांत एक क्षणही न दवडतां रुग्णालय गांठावें.

आतां खाऊकडे वळूं. फळांसारखा तयार खाऊ दुसरा नाहीं. मात्र कांहीं पथ्यें पाळावीं. दोन वर्षांपर्यंत वरून साखर किंवा गूळ घालूं नये; पिकल्या फळाची गोडी बाळाला पुरते. मध एक वर्षाच्या आंत मुळींच देऊं नये. जन्मतःच मधाचें बोट चाटविण्याची चाल आपल्याकडे आहे खरी. पण मधांत असणाऱ्या एका जंतूच्या बीजांमुळें तान्ह्या बाळाच्या स्नायूंना लुळेपणा आणणारा रोग होऊं शकतो, हें आज निश्चित ठाऊक झालें आहे. द्राक्षें अखंड देऊं नयेत. उभीं चिरून चार फोडी कराव्या. चिकूची बी टोंकदार असते, ती मोजून काढावी. पेरूचा गर गाळून घ्यावा. अख्खे काजू-बदाम घशांत अडकतात, म्हणून तेही नकोत. नवीन पदार्थ एका वेळीं एकच, थोडा आणि दिवसाउजेडीं द्यावा, म्हणजे कांहीं बाधलें तर कारण कळतें.

आमच्या घरीं रुळलेले तीन प्रकार देतों.

केळ्याची नाचणी : नाचणीचें सत्त्व दोन चमचे घेऊन एक वाटी थंड पाण्यांत गुठळ्या न होतां कालवावें व मंद आंचेवर सतत ढवळीत चकाकी येईपर्यंत शिजवावें. खालीं उतरवून त्यांत एक पिकलेलें केळें कुसकरून घालावें आणि नारळाचें दाट दूध दोन चमचे मिसळावें. राजेळी केळें मिळालें तर तें सालीसकट उकडून, मग सोलून घ्यावें. त्याची गोडी निराळीच असते.

सफरचंदाचा मऊ गर : सफरचंद सोलून, बिया काढून बारीक फोडी कराव्या व थोड्या पाण्यांत झांकण ठेवून अगदीं मऊ शिजवाव्या. दालचिनीचा लहानसा तुकडा घालावा व मागून काढून टाकावा. गर घोटून त्यांत चिकूचा गर मिसळला, तर साखरेची आठवणही होत नाहीं. दांत आलेल्या मुलाला हाच गर भाकरीच्या मऊ तुकड्यावर लावून देतां येतो.

तिसऱ्या प्रकाराची हकीकत शेवटीं सांगूं. तत्पूर्वीं एक इशारा. हे पदार्थ खाऊ आहेत. दुधाची जागा त्यांनीं भरून निघत नाहीं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं दिलेल्या मानाप्रमाणें एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें. शंभर ग्रॅम नाचणींत तें साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतें. परंतु बाळाच्या वाटींत नाचणी जाते ती फार तर वीस ग्रॅम. म्हणजे हिशेब सत्तरांवरच थांबतो. नारळाचें दूध नांवानें दूध असलें, तरी त्यांत कॅल्शियम व प्रथिनें फारच थोडीं. तिळांत कॅल्शियम पुष्कळ, पण तें सारें अंगीं लागत नाहीं. शिवाय कांहीं मुलांना तिळाचीही ॲलर्जी असते. म्हणून आईचें दूध चालू असेल तर तें चालू ठेवावें, क्वचित् त्यासाठीं आईलाही दुधाचें पथ्य करावें लागतें. आणि अन्य कोणतें दूध द्यावयाचें तें डॉक्टरांनींच ठरवावें. सोयाबीनचें दूधही कांहीं मुलांना बाधतें. डाळी, मऊ भात, भाज्या हें रोजचें जेवण चुकतां कामा नये. पुष्कळ मुलांची ही तक्रार तीन ते पांच वर्षांच्या सुमारास आपोआप ओसरते. पण ओसरली कीं नाहीं याची परीक्षा वैद्यकीय देखरेखीखालीं व्हावी, कोणाच्या बोटावर नव्हे.

आतां वहिनींची गोष्ट पुरी करतों. तिसऱ्या दिवशीं सकाळीं सूनबाई दोन हापूस आणि एक नारळ घेऊन त्यांच्यापुढें जाऊन बसली व म्हणाली, “मोठ्या सासूबाई, खरवसासारखें कांहीं दुधावांचून जमेल का? मला नाहीं येत.” वहिनी बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनीं डब्यांतून आरारूट काढलें. वाळवणाच्या दिवसांत बनलेल्या त्या हातांना माप विचारावें लागत नाहीं. तरी आम्हीं तें टिपून घेतलें. नारळाचें दूध अर्धी वाटी व पाणी अर्धी वाटी यांत आरारूट तीन मोठे सपाट चमचे कालवावें. त्यांत आमरस एक वाटी गाळून मिसळावा व मंद आंचेवर घट्ट आणि पारदर्शक होईपर्यंत घोटावें. ताटलींत ओतून निवूं द्यावें. वड्या पडल्या, तरी बाळाला चमच्यानें मोडूनच भरवावें.

वहिनींनीं पहिला घांस भरविण्यापूर्वीं सूनबाईकडे पाहिलें. सूनबाईनें मान हलविली. बाळानें घांस गिळला व दुसऱ्यासाठीं तोंड उघडलें. तेव्हांपासून आमच्या फडताळांत बाळाची वाटी, चमचा व पातेलें निराळें असतें, आणि त्या कप्प्याची सत्ता वहिनींकडे आहे. श्रावणांत सत्यनारायणाच्या प्रसादाचें ताट फिरलें, तेव्हां दारांतल्या पाहुण्यांस “बाळाला नको, त्याचा प्रसाद मी वेगळा केला आहे,” असें बजावणाऱ्या त्याच होत्या. त्या दिवशीं देवापुढें केळें व खोबरें ठेवून त्यांनीं त्याचा नैवेद्य दाखविला होता.

ज्या घरीं असें मूल असेल, तेथें पथ्य सांभाळण्याचें काम घरांतल्या सर्वांत मायाळू हाताकडे सोंपवावें, एवढीच आमची सूचना आहे.