गाडीवर चीक, राग झाडावर

उन्हाळ्यात सावली दिसली की आपण गाडी तिथेच लावतो. जुम्म्याला मशिदीच्या आवारात आंब्याखालची जागा सर्वात आधी भरते. मग टपावर, बॉनेटवर चिकट ठिपके दिसले की राग निघतो झाडावर. ‘ती फांदीच तोडून टाका’ असे म्हणणारे प्रत्येक मोहल्ल्यात भेटतात. आमचे म्हणणे एवढेच की, आधी ठिपका ओळखा.

मोहोराच्या दिवसांत गाडीवर बसणारा चिकट थर बहुधा झाडाचा नसतोच. मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे गोडसर द्रव टाकतात आणि पुढे त्यावर काळी बुरशी चढते. ताजा असताना हा थर साध्या पाण्याने निघतो. खरा चीक देठातून किंवा फांदीच्या जखमेतून येतो. कैरीचा चीक ओठाला लागला तर कातडी भाजते, हे आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. उन्हात तापत राहिला तर तो रंगावरही कायमचा डाग धरतो. रंगावरचा पारदर्शक थर माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. म्हणून हे काम त्याच दिवशी करावे.

गाडी सावलीत उभी करून पत्रा थंड होऊ द्या. पाण्याने धूळ काढा, कारण धुळीसकट पुसले तर ओरखडे पडतात. मग कोमट पाण्यात भिजवलेला मऊ फडका ठिपक्यावर ५ ते १० मिनिटे ठेवा. तेवढ्याने निघाले नाही तर खोबरेल तेल लावून थोडे मुरू द्या आणि अलगद पुसा. फणस कापताना अम्मी हाताला आणि सुरीला तेल लावतात, त्यातलीच ही युक्ती. खड्यासारखा घट्ट झालेला थेंब असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन अर्धा मिनिट टेकवा. ते आधी दाराच्या आतल्या कडेला लावून पाहा आणि विस्तवापासून लांब ठेवा. शेवटी गाडीच्या शाम्पूने धुऊन, कोरडे करून त्या जागी वॅक्स लावा. तिथले जुने वॅक्स या खटाटोपात निघून गेलेले असते.

नख, ब्लेड, भांड्यांची घासणी, थिनर आणि कपडे धुण्याची पावडर गाडीपासून दूरच ठेवा. दर तीन महिन्यांनी वॅक्स केले तर चीक रंगाला सहज चिकटत नाही. कव्हर घालायचे तर धुतलेल्या गाडीवरच घाला.

कित्येक घरांत गाडी म्हणजे रोजी असते. विकताना रंग पाहूनच भाव ठरतो, म्हणून ही मेहनत वाया जात नाही. पण त्यासाठी झाडाचा बळी नको. झाड लावणे हा आपल्याकडे सदका आहे. त्याचे फळ पाखराने खाल्ले तरी लावणाऱ्याला सवाब मिळतो. शिवाय राज्याच्या शहरी भागात १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही.

मोहोर आणि फळांच्या महिन्यांत गाडी चार पावले लांब लावावी. ती सावली उन्हातून चालत येणाऱ्या बुजुर्गांना मोकळी राहू द्यावी.