साडेतीनशे सीसीची रेघ आणि लांबचा रस्ता

मुंबई-नाशिक महामार्गावरील माणकोली नाक्यावरून अंजूरफाट्याच्या दिशेने वळले, की दापोडे गावच्या गोदामांची रांग सुरू होते. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर असल्याचा लाभ घेत भिवंडी तालुक्यातील या पट्ट्यात गोदामे उभी राहिली. २०१७मध्ये जीएसटी आला, जकात गेली. गोदामे मात्र वाढतच राहिली. त्यामुळे येथील रस्त्यांवर कंटेनर, ट्रक आणि टेम्पो यांचे राज्य असते. शनिवार-रविवारच्या पहाटे याच महामार्गावर आणखी एक दृश्य दिसते. मागच्या आसनावर सामान बांधलेल्या, गुडघ्यांना आणि कोपरांना कवच चढवलेल्या स्वारांच्या मोटारसायकली कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत कसारा, इगतपुरी, भंडारदऱ्याकडे निघालेल्या असतात.

लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी मोटारसायकल कोणती घ्यावी, हा या मंडळींचा आवडता वादविषय. आजवर तो आवडीनिवडीचा आणि ऐपतीचा प्रश्न मानला जात असे. २०२५ या वर्षात मात्र दोन सरकारी निर्णयांनी त्याचे स्वरूप बदलले. ५ जून रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई रस्ता पूर्ण झाला. २२ सप्टेंबरपासून दुचाकींवरील जीएसटीचे नवे दर लागू झाले. पहिल्या निर्णयाने दुचाकीस्वाराला कोणता रस्ता मिळणार नाही, हे स्पष्ट केले. दुसऱ्याने कोणते इंजिन त्याला महाग पडणार, हे ठरवले. खरेदीचा विचार या दोन्ही गोष्टी समोर ठेवूनच व्हायला हवा.

रस्ता जुनाच

आमणे हे भिवंडी तालुक्यातीलच गाव. राज्यातील सर्वांत वेगवान रस्ता दापोड्याच्या तालुक्यात येऊन पोहोचला. पण त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्या पहिल्यापासूनच वर्ज्य आहेत. जानेवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरही त्यांना बंदी आहे. वेगातील तफावत आणि अपघाताचा धोका हे या बंदीमागचे कारण, आणि ते निराधार नाही. त्याचा व्यावहारिक अर्थ मात्र असा, की मुंबई-ठाण्याच्या दुचाकीस्वाराला नाशिककडे जायचे तर माणकोली, पडघा, शहापूर, कसारा हाच मार्ग. पुण्याकडे जायचे तर जुना महामार्ग. आणि कोकणात उतरायचे तर २०११पासून रुंदीकरणात अडकून पडलेला मुंबई-गोवा महामार्ग.

या रस्त्यांवर कायद्याने परवानगी असलेला वेगही ठरलेला आहे. केंद्राच्या एप्रिल २०१८मधील अधिसूचनेनुसार मोटारसायकलीची कमाल वेगमर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी वा त्याहून रुंद रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, तर नगरपालिका हद्दीत आणि अन्य रस्त्यांवर ६० किलोमीटर आहे. म्हणजे ताशी दीडशेचा वेग गाठणारे वाहन घेतले, तरी त्यातील जवळपास निम्मी क्षमता महाराष्ट्रात अधिकृतपणे कुठेही वापरता येत नाही. जाहिरातीतील मोकळा, वळणदार, निर्मनुष्य रस्ता आणि माणकोलीच्या उड्डाणपुलाखालचा रस्ता यांच्यात जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर जाहिरात पाहून केलेली निवड आणि गरज ओळखून केलेली निवड यांच्यातही पडते.

मग लहान इंजिनाचे वाहन पुरेसे ठरावे काय? तसेही नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलीवरून काश्मीर ते कन्याकुमारी प्रवास करणारे आहेत, आणि त्यांच्या चिकाटीचे कौतुकच करायला हवे. परंतु दहा-अकरा अश्वशक्तीचे ते इंजिन ८०च्या वेगाला आपल्या क्षमतेच्या टोकाजवळ धावत असते. मागे सहप्रवासी, दोन्ही बाजूंना सामान आणि समोर कसारा घाटाच्या चढावर रांगत चाललेला लांबलचक कंटेनर असेल, तर त्याला ओलांडण्यासाठी लागणारा अतिरिक्त जोर त्याच्याकडे शिल्लक नसतो. ओलांडण्याचा काळ जितका लांबतो, तितका धोका वाढतो. म्हणून प्रश्न कमाल वेगाचा नसून ५० ते ८० या टप्प्यात वाहन किती तत्परतेने आणि किती कमी धडधडीत वेग घेते, याचा आहे. वीस ते तीस अश्वशक्तीची मोटारसायकल हे काम समाधानकारकपणे करते. रॉयल एनफिल्डच्या साडेतीनशे सीसीच्या गाड्यांची ताकद वीस अश्वशक्तीच्याच आसपास आहे. पण त्यांचा जोर कमी फेऱ्यांवर मिळत असल्याने दिवसभराच्या प्रवासात त्या थकवीत नाहीत. सुझुकीची अडीचशे सीसीची व्ही-स्ट्रॉम, बजाजची डोमिनार २५० किंवा हीरोची एक्सपल्स २१० यांची प्रकृती वेगळी. वजन कमी, इंजिन अधिक चपळ. कोणाला काय रुचेल हा भाग निराळा. पण गरज भागते ती याच टप्प्यात.

चव्वेचाळीस हजारांचे अंतर

नेमक्या याच टप्प्याच्या वरच्या टोकाला आता कराची रेघ ओढली गेली आहे. सप्टेंबर २०२५पूर्वी सर्व मोटारसायकलींवर २८ टक्के जीएसटी होता आणि ३५० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनांवर तीन टक्के अधिभार. नव्या रचनेत ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के, तर त्यावरील दुचाकींवर ४० टक्के कर आहे. करपूर्व किंमत दोन लाख रुपये असलेल्या दोन गाड्या समोर ठेवल्या, तर पूर्वी लहान इंजिनाची २ लाख ५६ हजारांना आणि मोठ्या इंजिनाची २ लाख ६२ हजारांना पडत असे. फरक सहा हजारांचा. आता लहान इंजिनाची २ लाख ३६ हजारांना आणि मोठ्या इंजिनाची २ लाख ८० हजारांना पडते. फरक ४४ हजारांवर गेला. विमा, नोंदणी आणि रस्ता कर यांचा बोजा त्यावर निराळाच.

लांबच्या प्रवासासाठी नावाजलेल्या अनेक मोटारसायकली या रेघेच्या पलीकडे आहेत. चाळीस अश्वशक्तीची ४५२ सीसीची हिमालयन, चाकणमध्ये तयार होणारी ३७३ सीसीची डोमिनार ४००, ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्या, साडेसहाशे सीसीची इंटरसेप्टर ही त्यांतली काही. तंत्रदृष्ट्या ३५० सीसी या आकड्याला कोणतेही विशेष महत्त्व नाही. ३४९ सीसीचे वीस अश्वशक्तीचे इंजिन स्वस्त करात बसते आणि त्याच ताकदीचे ३६० सीसीचे इंजिन असते, तर ते चैनीच्या वस्तूंच्या रांगेत जाऊन बसले असते. टीव्हीएसने ऑक्टोबर २०२५मध्ये आणलेल्या ३०० सीसीच्या अपाचे आरटीएक्सची ताकद ३६ अश्वशक्ती आहे. तीही १८ टक्क्यांतच. थोडक्यात, कर इंजिनाच्या आकारावर आहे, क्षमतेवर नाही. ग्राहकाने सीसीकडे पाहून गाडीची पात्रता ठरवण्याची जुनी सवय सोडून द्यावी, याला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

या ४४ हजारांत काय येते, याचाही हिशेब मांडून पाहावा. उत्तम प्रतीचे हेल्मेट, कवच असलेले जाकीट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, टायरची एक नवी जोडी आणि वर दोन-तीन सहलींचे पेट्रोल. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत दुचाकीवरील मृतांचे प्रमाण ४४ टक्क्यांहून अधिक होते. त्याच वर्षी हेल्मेट न घालणाऱ्या ५० हजारांवर दुचाकीस्वारांना आणि सहप्रवाशांना प्राण गमवावे लागले. मोठ्या इंजिनासाठी हप्ता वाढवायचा आणि हेल्मेट मात्र रस्त्याकडेच्या टपरीवरून घ्यायचे, हा व्यवहार कोणत्याही अर्थाने फायद्याचा नाही.

तक्त्यापलीकडचे निकष

माहितीपत्रकातील आकड्यांपैकी सर्वांत दुर्लक्षित आकडा वजनाचा. साडेतीनशे सीसीच्या क्लासिकचे वजन १९५ किलो, हिमालयनचे १९६ किलो. गाडी धावत असताना ते जाणवत नाही. माणकोली ते भिवंडी बाह्यवळणाच्या कोंडीत, डाव्या पायाखाली खड्डा आणि उजवीकडे ट्रकचे चाक असताना ते नेमके जाणवते. आसनाची उंची याच्याशी निगडित आहे. मिटिऑरचे आसन ७६५ मिलिमीटर उंचीवर, हिमालयनचे ८२५ मिलिमीटरवर. दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकत नसतील, तर उंच आणि खड्डे पचवणारी गाडीही गर्दीच्या रस्त्यावर अडचणीची ठरते. म्हणून दालनातल्या गुळगुळीत फरशीवर नव्हे, तर सहप्रवाशाला मागे बसवून भर वाहतुकीत गाडी चालवून पाहणे हाच खरा निकष होय.

दुसरी गोष्ट चाकांची. तारांची चाके खड्ड्यांत तग धरतात, पण बहुधा त्यांना ट्यूब लागते. पंक्चर झाल्यास चाक काढण्यावाचून गत्यंतर नसते. ट्यूबलेस टायरचे मिश्रधातूचे चाक पंक्चरला सोपे, मात्र खोल खड्ड्यात त्याची कड वाकू शकते. तिसरी गोष्ट ब्रेकची. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या मोटारसायकलींना एबीएस बंधनकारक आहे. परंतु काहींना ते फक्त पुढच्या चाकापुरते असते. पावसाळ्यातला घाट उतरायचा असेल, तर दोन्ही चाकांना एबीएस असलेली आवृत्ती घेण्यात काटकसर करू नये. चौथी गोष्ट दुरुस्तीची. शहापूर किंवा सिन्नरच्या मेकॅनिकला जी गाडी उघडता येते आणि जिचा क्लच केबल तालुक्याच्या दुकानात मिळतो, ती गाडी प्रवासाची, बाकीची प्रदर्शनाची.

आणि राहता राहिले लडाख. बहुतेकांची निवड याच एका नावापाशी बदलते. मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपापाशी पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक एकेकाळी प्रसिद्ध होता; त्यामुळे मोठी टाकी हवी असे म्हणतात. खारदुंग ला पाच हजार मीटरहून उंच. दर हजार मीटरला इंजिनाची ताकद साधारण एक दशांशाने घटते, म्हणून मोठे इंजिन हवे असेही म्हणतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण लडाखची वारी आयुष्यात एकदा, फार तर दोनदा होते. कसारा मात्र वर्षातून वीसदा. मनाली आणि लेहमध्ये गाडी भाड्याने मिळते. कसाऱ्याला आपलीच न्यावी लागते. एका स्वप्नासाठी घेतलेले वाहन उरलेली दहा वर्षे गोदामांच्या रस्त्यावर रेटत राहायचे, की रोजच्या वाटेला साजेसे घेऊन स्वप्नासाठी वेगळी सोय करायची, हा विचार खरेदीपूर्वीच व्हावा.

अर्थात सारी जबाबदारी ग्राहकावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. वेगवान मार्गांवर दुचाकींना बंदी घालताना त्या जुन्या रस्त्यांवर अधिक सुरक्षित असतील, हे गृहीत धरले गेले आहे. दापोडे-माणकोली परिसरात अवजड वाहनांच्या गर्दीत वाट काढणाऱ्या कोणालाही हे गृहीतक पटणार नाही. समृद्धीवर मोटारी गेल्या, तरी गोदामांकडे वळणारे कंटेनर जुन्या महामार्गावर राहणारच आहेत, आणि त्यांच्या सोबतीला दुचाकी. हा रस्ता खड्डेमुक्त, दिव्यांनी उजळलेला आणि दुचाकींसाठी डाव्या बाजूला मोकळी पट्टी राखणारा असेल, तर तो सुट्टीच्या दिवशी फिरणाऱ्यांच्या आधी येथील गोदामांत रोज कामावर येणाऱ्या हजारो दुचाकीस्वारांच्या उपयोगी पडेल. तोवर मोटारसायकल निवडणाऱ्याने किमतीच्या तक्त्याबरोबर एकदा माणकोली नाका ओलांडून पाहावा. कोणती गाडी हवी, याचे निम्मे उत्तर तेथेच मिळते.