भाड्याच्या घराची गॅलरी



नाशिकरोडला प्रेसच्या क्वार्टरमध्ये आम्ही लहानाचे मोठे झालो. दारापुढे चार हात जागा होती. त्यात शेवगा, कढीपत्ता, आईने लावलेले गावठी गुलाब. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सुटले. आता जेलरोडला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. अंगण म्हणजे ८ फूट लांब, ३ फूट रुंद गॅलरी. आम्ही आलो तेव्हा तिच्यात कबुतरांची घाण आणि मोडका कूलर होता.

घरमालकांनी पहिल्याच दिवशी बजावले, खिळा ठोकायचा नाही आणि खालच्यांच्या वाळवणावर पाणी पडता कामा नये. म्हणणे रास्तच होते. पण मागच्या घरी ‘भिंत खराब केली’ म्हणून आमच्या अनामत रकमेतून पैसे कापले गेले होते. भिंत आधीपासूनच तशी होती, पण पुरावा काय? म्हणून या वेळी सामान लावण्याआधी गॅलरीचे फोटो काढून मालकांना पाठवले आणि कुंड्या ठेवण्याची परवानगी करारातच लिहून घेतली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

मग कामाला लागलो. रंगाच्या रिकाम्या बादल्या ओळखीच्या पेंटरने फुकट दिल्या. तापवलेल्या सळईने बुडाला भोके पाडली, तळाशी नारळाच्या शेंड्या घातल्या. आपली काळी माती वाळली की दगड होते, म्हणून तिच्यात निम्मे शेणखत आणि थोडी वाळू मिसळली. २० लिटरची बादली ओल्या मातीने भरली की २५-३० किलोच्या घरात जाते. गॅलरीचा स्लॅब भिंतीतून बाहेर काढलेला असतो, त्यामुळे जड बादल्या भिंतीलगत आणि हलके डबे कठड्याकडे ठेवावेत. कठड्यावर मात्र काहीही ठेवू नये, खाली मुले खेळतात.

बादल्यांखाली जुन्या थाळ्या ठेवल्या, म्हणजे खाली पाणी ठिबकत नाही. पण थाळीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. दर रविवारी त्या ओतून घासाव्यात.

गॅलरी पश्चिमेची. एप्रिलात दुपारनंतर नुसती भट्टी. हिरवी जाळी ग्रीलला सुतळीने बांधली, खिळा लागला नाही. बाजारच्या जुडीतल्या पुदिन्याच्या काड्या खोचल्या, धणे चुरडून पेरले, गवती चहाचे एक ठोंब शेजारच्या मावशींनी दिले. जाळी, खत आणि मोगऱ्याचे रोप धरून ६०० रुपयांच्या आत भागले.

खरा पेच पुढेच होता. कठड्याच्या भेगेत पिंपळ उगवला. मालक म्हणाले, उपटा, नाहीतर भिंत फुटेल. सासूबाई म्हणाल्या, बोधिवृक्षाला हात लावायचा नाही. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलेना. मालकांचे खोटे नव्हते. पिंपळाची मुळे भेगेत शिरून जाड होतात आणि सिमेंट फोडतात. शेवटी आम्ही सासूबाईंना विचारले, की त्रिरश्मी लेण्यांपाशी २०२३ साली बोधिवृक्षाचे रोप श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणून लावले, मग आपले रोप दोन हात हलवले तर काय बिघडले? त्या काहीच बोलल्या नाहीत, पण स्वतःच उठून बादली आणली.

पावसात भेग भिजलेली होती. रोप वीतभरच होते म्हणून मुळासकट सुटले. आठ दिवस सावलीत ठेवले. दोन पाने गळाली, मग नवी तांबूस पालवी फुटली. भेग सिमेंटने बुजवून मालकांना दाखवली.

पिंपळ बादलीत कायम ठेवता येणार नाही. येत्या पावसाळ्यात तो मोकळ्या जागेत लावायचा, घरे आणि पाण्याच्या पाइपापासून दूर. जागा सासूबाई शोधताहेत. तोवर त्याला पाणी घालायचे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलेले नाही.