बर्ड फीडर कुठे टांगायचा?

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत सध्या एका गहन प्रश्नावर खल चालू आहे. पार्किंग नाही, टँकर नाही, लिफ्टसुद्धा नाही. प्रश्न असा, की बागेसाठी आणलेला बर्ड फीडर नेमका टांगायचा कुठे? तीन-चारशे रुपयांची वस्तू, पण गेले दोन रविवार मंडळी हिरीरीने भांडतायत. बाहेरच्या माणसाला हसू येईल. मला मात्र हे भांडण अगदी रास्त वाटतं.

प्रस्ताव तीन आहेत. पहिला, क्लबहाउसच्या मोठ्या काचेसमोर चार-पाच मीटरवर, कारण आत बसून फोटो छान येतात. दुसरा, गच्चीच्या कठड्यावर, म्हणजे बागेत कचरा नको. तिसरा, मागच्या कुंपणाकडे, मेंदीच्या झुडपांच्या बाजूला. तिकडे कुणी फिरकत नाही, म्हणून त्याला मतंही कमी. माझं मत नेमकं त्यालाच.

आपल्या धंद्यात पहिला प्रश्न काय विचारतात? युजर कोण? इथे युजर पक्षी आहे, कॅमेरा घेऊन बसलेले आपण नव्हे. एवढं मान्य केलं की निम्मी चर्चा तिथेच संपते.

आधी काच घेऊ. पक्ष्याला काच दिसत नाही, काचेतलं झाड दिसतं. अमेरिकेत 2014 साली आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे, की तिथे इमारतींवर आपटून दरवर्षी 36 कोटी ते 99 कोटी पक्षी मरतात. म्हणून तिकडचे जाणकार फीडरसाठी एक सोपा नियम सांगतात. तो एक तर काचेपासून मीटरभराच्या आत ठेवा, नाहीतर दहा मीटरच्या पलीकडे न्या. मीटरभरावरून दचकून उडालेल्या पक्ष्याला वेगच आलेला नसतो, त्यामुळे धडकला तरी बहुधा वाचतो. चार-पाच मीटरवरून उडालेला मात्र पुऱ्या वेगात येऊन आदळतो. म्हणजे आमचा फोटोजेनिक प्रस्ताव बरोब्बर वाईटातल्या वाईट अंतरावर आहे!

मग मांजर. आमच्याकडे दोन बोके आहेत, दोघेही सोसायटीचे लाडके. फीडर झुडपाला अगदी खेटून लावला तर बोक्याला दबा धरायला आयती जागा. उलट मोकळ्या मैदानाच्या मधोमध लावला तर शिक्रा आला की पाखरांना लपायला जागा नाही. (शिक्रा पुण्यात आहे बरं का, वर बघायची सवय मात्र हवी.) यातला मधला मार्ग म्हणजे झुडपापासून साधारण तीन मीटर. पाखराला एका झेपेत आडोसा गाठता येतो आणि बोक्याला मधलं अंतर उघड्यावरून पार करावं लागतं.

आता खरा मुद्दा. कबूतर. तुम्ही फीडर चिमणीसाठी लावता, पण तो कुठे लावता यावर कोण येणार ते ठरतं. कबुतराला सपाट, रुंद जागा लागते. कठडा, छज्जा, एसीचं युनिट. गच्चीच्या कठड्यावर दाणे ठेवणं म्हणजे कबुतरांना लेखी आमंत्रण. आणि त्यांचा मुक्काम गच्चीपुरता राहत नाही. खालच्या मजल्यावर दम्याचे पेशंट असलेले एक आजोबा राहतात, त्यांची गॅलरी बरोबर त्याच बाजूला आहे. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासात गेली तर काही माणसांच्या फुफ्फुसांना कायमची इजा होते. आपलं पुण्य त्यांच्या छातीवर कशाला?

2025 च्या जुलैत मुंबईतले कबुतरखाने बंद करायचे आदेश निघाले, तेव्हा काय झालं आठवतंय ना? दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, लोकांनी ती ओढून काढली, प्रकरण उच्च न्यायालयात होतंच. दाणा घालणारे वाईट लोक होते असं मी म्हणणार नाही. पण दाणा *कुठे* घालायचा हा प्रश्न वेळेवर विचारला नाही, की शेवटी तो कोर्टात विचारला जातो.

कुंपणाजवळ हे प्रकरण आटोक्यात ठेवता येतं. लहान दांडीचा टांगता फीडर, खाली सांडलेलं रोज संध्याकाळी झाडायचं (नाहीतर कबुतरं जमिनीवर येतात आणि रात्री घुशी), आणि उंची अशी की स्टुलाशिवाय हात पोचेल. हात पोचला नाही तर कुणी धूत नाही, हे मी लिहून देतो. आणि धुणं ही हौस नाही. ब्रिटनमध्ये 2005 नंतर ग्रीनफिंच नावाच्या पाखरांत एक परजीवी रोग पसरला आणि त्यांची संख्या झपाट्याने घसरली. अस्वच्छ फीडरवर एकत्र जमणं हा तो पसरण्याचा एक मार्ग होता. आपल्याकडे तर चार महिने पाऊस. ओल्या बाजरीला बुरशी धरायला कितीसा वेळ लागतो? जागा आडोशाची नसेल तर पावसाळ्यात फीडर सरळ उतरवून ठेवावा.

"पण आमचा तर फ्लॅट आहे, बाग कुठली?" असं तुमच्यातले बरेच जण म्हणतील. मग माझं मत जरा कडू आहे. तुमच्या गॅलरीत योग्य जागा नसेल तर फीडर लावूच नका. नसती जागा ओढूनताणून शोधू नका. शिवाय दाण्यावर येतात कोण? चिमण्या, मुनिया, पोपट, कबुतरं. शिंजीर मध पितो, शिंपी आणि दयाळ किडे टिपतात, बुलबुल फळं आणि किडे खातो. चिमणीसुद्धा पिल्लांना किडेच भरवते. या सगळ्यांना तुमच्या बाजरीपेक्षा एका कुंडीतल्या जास्वंदीचा, तिच्यावरच्या किड्यांसकट, जास्त उपयोग. त्यावर औषध मारू नका, एवढंच. एप्रिल-मे मध्ये सावलीत उथळ मातीचं भांडं ठेवा आणि पाणी रोज बदला, डास होत नाहीत.

यात फोटो कमी मिळतील, हे खरं. लाइक्सही. पण दाणा घालणं हे प्रेम असेल, तर ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या सोयीने ते करायला काय हरकत आहे? :)

असो. तुमच्या गॅलरीपासून काच किती लांब आहे आणि खालच्या मजल्यावर कोण राहतं, एवढं आधी बघा. मग खिळा ठोका.