वाचलेलं पाणी कोणाचं?

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. त्यांची शेती कोपरगावच्या बाजूला, अहिल्यानगर जिल्ह्यात (आमच्या तोंडी अजून नगरच!). काका खुशीत होते.

"अरे, सगळ्या उसाला ठिबक बसवलं. निम्मं पाणी वाचलं बघ."

"वा! मग वाचलेल्या पाण्याचं काय केलंत?"

"काय म्हणजे? दीड एकर ऊस आणखी लावला की!"

मी हसलो. पण फोन ठेवल्यावर आत्या आठवली. ती काकांची सख्खी बहीण. तिचं सासर परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. म्हणजे भाऊ गोदावरीच्या वरच्या अंगाला आणि बहीण खालच्या. भावाचं पाणी वाचलं, बहिणीला त्यातलं किती मिळालं?

माझं पोट याच प्रश्नावर चालतं. मी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला नदीखोऱ्यांची कॉम्प्युटर मॉडेल्स करतो. पीएच.डी.ला आलो तेव्हा गाईडने पहिल्यांदा कुठे नेलं असेल, तर मरे नदीच्या मुखाशी. तिथे ड्रेजर वाळू उपसत होता. दहा लाख चौरस किलोमीटरहून मोठं मरे-डार्लिंग खोरं, आणि त्याच्या नदीला समुद्रापर्यंत पोचायला यंत्राची मदत लागते! १९८१ साली तर हे मुख चक्क बंद झालं होतं. खोऱ्यात पडणाऱ्या पावसापैकी सुमारे ९४ टक्के पाणी बाष्प होऊन जातं. उरलेल्यावर शेती, गावं, मासे आणि आमचं ॲडलेड.

इथल्या लोकांनी एक गोष्ट मात्र वेळेवर केली. १९९५ साली राज्यांच्या मंत्र्यांच्या परिषदेने उपशावर कमाल मर्यादा घातली. १९९३-९४ साली जितका विकास झाला होता, त्या पातळीपुढे उपसा वाढवायचा नाही. शेतकऱ्याकडे पाण्याचा हक्क असतो, पण तो ठराविक लिटरांचा नसून वाट्याचा असतो. धरणात किती आहे ते पाहून दरवर्षी टक्का जाहीर होतो. २००६-०७ आणि २००७-०८ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या मरे खोऱ्यात साध्या हक्कवाल्यांना शून्य टक्के मिळाले. शून्य! २००८ साली देशाचं भाताचं पीक वीस हजार टनांच्या आत आलं. चांगल्या वर्षी ते दहा लाख टनांच्या वर जातं. ज्यांच्याकडे थोडंफार पाणी होतं त्यांतल्या अनेकांनी ते द्राक्षं-फळबागावाल्यांना विकलं. भात पुढच्या वर्षी लावता येतो, वाळलेली बाग पुन्हा उभी करायला वर्षं जातात.

तुम्ही म्हणाल, झालं, आता हा आम्हाला पाण्याचा बाजार शिकवणार. नाही हो! मर्यादा नसेल आणि मीटर नसेल तर बाजार म्हणजे नुसती लूट. २०१७ साली इथल्या टीव्हीने बार्वन-डार्लिंगवरच्या पाणीचोरीचे आरोप दाखवले तेव्हा देश हादरला. २०१९ च्या जानेवारीत मेनिंडी इथे लाखो मासे मेले. इथेही रामराज्य नाही.

आणि ठिबकाची चूक इथेही झाली. सरकारने शेतकऱ्यांना आधुनिक सिंचनासाठी पैसे दिले. बदल्यात वाचलेल्या पाण्याच्या हक्काचा वाटा नदीसाठी परत घेतला. कागदावर हिशेब सुरेख. पण पाटाने दिलेलं सगळंच जास्तीचं पाणी वाया जात नाही. बरंचसं जमिनीत मुरतं, खालच्याच्या विहिरीत उतरतं, ओढ्याने नदीला मिळतं. पिकाने पिऊन हवेत सोडलेलं पाणी मात्र खोऱ्यातून गेलं ते गेलंच. २०१८ साली क्वेंटिन ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये हेच मांडलं: सिंचनाची कार्यक्षमता वाढली म्हणून खोऱ्यातलं पाणी वाचेलच असं नाही, उलट वापर वाढूही शकतो.

काकांचं तेच झालं. पूर्वी त्यांच्या शेतातून झिरपणारं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत जायचं. आता ते दीड एकर उसातून आकाशात जातं. काकांचं उत्पन्न वाढलं, त्याचा मला आनंदच आहे. ठिबकाने खतही वाचतं, वीजही वाचते. पण नदी वाचली, असं म्हणू नये.

आपल्याकडे २००५ पासून जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा आदेश २०१४ साली त्याच प्राधिकरणाने दिला. तरी तुटीच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा सामना रंगतोच. पण ते भांडण धरणात उरलेल्या पाण्याचं. विहिरींतून किती उपसलं आणि पिकांनी किती प्यालं, हा हिशेब त्यात येतच नाही.

माझं म्हणणं एवढंच. ठिबकाचं अनुदान जरूर द्या, पण सोबत एक अट घाला: क्षेत्र वाढवायचं नाही, नाहीतर वाचलेल्या पाण्यातला वाटा खोऱ्याच्या खात्यात जमा करायचा. आणि विहिरींनाही त्या खात्यात आणा. हे कोणत्याही आमदाराला नको असेल, ठाऊक आहे. इथेही नको होतं. २०१० साली ग्रिफिथच्या शेतकऱ्यांनी खोरे-आराखड्याच्या प्रती जाळल्या होत्या. तरी २०१२ साली आराखडा झालाच.

असो. हे सगळं काकांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, मी नाही लावला तर शेजारचा लावेल."

बरोबर आहे त्यांचं. म्हणूनच मर्यादा सगळ्यांना एकदम लागते. एकट्या काकांनी शहाणं होऊन आत्याच्या कालव्याला पाणी येणार नाही.