विश्लेषण : मंत्रिमंडळाच्या बैठकीशिवाय पंतप्रधान निर्णय घेऊ शकतात?

23 नोव्हेंबर 2019. महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी उठवण्यात आली. लोक झोपेतून उठून मोबाइल पाहेपर्यंत राजभवनात देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी उरकलाही होता. त्या पहाटेच्या शपथविधीचे किस्से अजून रंगतात. पण त्यातला एक प्रश्न तेव्हाच्या गदारोळात मागे पडला. राष्ट्रपती राजवट उठवण्याची शिफारस केंद्रीय मंत्रिमंडळ करते. मग रात्रीतून मंत्रिमंडळाची बैठक कधी झाली? ती झालीच नव्हती.

काय आहे ‘नियम 12’?

कोणता विषय मंत्रिमंडळापुढे न्यायचा आणि कोणता मंत्र्याच्या पातळीवर निकाली काढायचा, हे केंद्र सरकारच्या 1961 च्या कामकाज नियमांत ठरलेले आहे. त्यातला बारावा नियम मात्र या सगळ्याला बगल देण्याची वाट ठेवतो. पंतप्रधानांना आवश्यक वाटल्यास ते नियमांतून सूट देऊ शकतात. त्या रात्री हाच नियम वापरला गेला आणि मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर घेण्यात आली. म्हणजे निर्णय बेकायदा नव्हता. पण हा नियम युद्ध किंवा आपत्तीसारख्या तातडीच्या वेळी समजण्यासारखा आहे. एका राज्यात सकाळच्या आत सरकार बसवण्याची घाई त्यात बसते, हे पटणे अवघड आहे.

राज्यघटना काय सांगते?

पंतप्रधानांविषयी राज्यघटनेत आश्चर्य वाटावे इतके कमी लिहिले आहे. अनुच्छेद 74 नुसार ते मंत्रिमंडळाचे प्रमुख, 75 नुसार त्यांच्या सल्ल्याने राष्ट्रपती इतर मंत्री नेमतात आणि 78 नुसार सरकारच्या निर्णयांची माहिती त्यांनी राष्ट्रपतींना द्यायची. बस्स. मतदार थेट पंतप्रधान निवडत नाहीत. एच. डी. देवेगौडा 1996 मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा संसदेचे सदस्यही नव्हते. मनमोहन सिंग दहा वर्षे राज्यसभेतून पंतप्रधान होते.

महत्त्वाचे आहे ते अनुच्छेद 75 मधलेच एक वाक्य : मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या लोकसभेला जबाबदार असेल. एकट्या पंतप्रधानांच्या सहीने निर्णय झाला आणि बाकीच्यांनी मागाहून मान डोलावली, तर ‘सामुदायिक’ या शब्दाला काय अर्थ उरतो?

मग लगाम कोणाच्या हाती?

लोकसभेच्या. जुलै 1979 मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी देसाई सरकारविरुद्ध अविश्वास ठराव मांडला. जनता पक्षातूनच खासदार बाहेर पडू लागले आणि मतदानापूर्वीच देसाईंनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतर आलेले चरणसिंग तर पंतप्रधान म्हणून लोकसभेला सामोरे न जाताच पायउतार झाले. 17 एप्रिल 1999 रोजी अटलबिहारी वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 असे एका मताने पडले. पहाटेच्या शपथविधीचा शेवटही सभागृहाच्या धाकानेच झाला. सर्वोच्च न्यायालयाने विधानसभेत बहुमत सिद्ध करायला सांगितले आणि मतदानाच्या आदल्या दिवशीच फडणवीस यांनी राजीनामा दिला.

व्हिपमुळे काय बदलले?

खरी मेख इथे आहे. 1985 मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला. घोडेबाजार रोखण्याचा हेतू चांगला होता. पण तेव्हापासून पक्षाचा व्हिप मोडून मतदान करणाऱ्या खासदाराची खासदारकीच जाऊ शकते, मग ठराव सरकार पाडणारा असो वा एखाद्या साध्या विधेयकातील दुरुस्तीचा. ज्यांनी पंतप्रधानांना जाब विचारायचा, त्यातल्या निम्म्याहून अधिक खासदारांनी कसे मत द्यायचे हे आधीच ठरलेले असते.

ज्या ब्रिटनकडून आपण ही पद्धत घेतली, तिथे असा कायदा नाही. सप्टेंबर 2019 मध्ये बोरिस जॉन्सन यांच्याच पक्षाच्या 21 खासदारांनी ब्रेग्झिटच्या मुद्द्यावर त्यांच्याविरुद्ध मतदान केले. पक्षाने त्यांना संसदीय गटातून काढले, पण खासदारकी कुणाचीही गेली नाही. जुलै 2022 मध्ये जॉन्सन यांच्याच मंत्र्यांनी राजीनाम्यांची रांग लावली आणि त्यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली.

आपल्याकडे व्हिपची सक्ती विश्वासमत, अर्थविधेयक आणि राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील आभाराचा ठराव एवढ्यापुरतीच ठेवावी, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच केली होती. ती अमलात आलेली नाही.